पिंग लागतंय पण मशीन सापडत नाही: लिनक्सवर लोकल नेटवर्क आणि होस्टनेमचा घोळ कसा सोडवायचा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरचं बघतो. ऑफिसात ४ मशीन, डिझाइनला १ आणि मागं गोदामात १, सगळ्यांवर लिनक्स, आणि मशीनची नावं पण साधीच, हिशोब, डिझाइन, गोदाम अशी. मागच्या एप्रिलात एक दिवस नऊच्या आतच अकाउंटच्या मॅडमचा फोन आला, "दादा, गोदामची स्टॉकची शीट उघडंना झालीय, टॉवेलची गाडी भरायला उभी आहे, लवकर या." जाऊन बघतो तर इंटरनेट चालू, गोदामला पिंग (मशीन जागं आहे का म्हणून मारलेली हाक) केलं तर उत्तर येतंय, पण एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लांबून लॉगिन करायची सोय) लावलं की नकार. त्यात माझा दीड तास गेला आणि शेवटी निघालं ते एका ओळीचं काम. ते काय होतं ते खाली सांगतो, पण त्या दिवसापासून मी एक क्रम ठरवून घेतलाय, काहीही झालं तरी त्याच क्रमानं जायचं, मधलं काही सोडायचं नाही. तोच क्रम इथं लिहितोय.

कमांड मी फोनवर सांगतो तशा बोलीत लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं (कुठं मोठं अक्षर लागतं ते तिथं सांगितलंय), आणि बऱ्याच कमांडच्या आधी सुडो (म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं चालव) लागेल. जे लिहिलंय त्यातलं बहुतेक उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट या लिनक्सच्या डिस्ट्रोत (प्रकारांत) चालतं, ॲपलचा मॅक आणि फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच पण वेगळी सिस्टिम) यांचं जिथं वेगळं आहे तिथं सांगेन.

आधी एरर अख्खी वाचा

लोक फोन करून सांगतात "नेट लागंना". नेट लागंना म्हणजे नक्की काय? नाव सापडत नाही, का नाव सापडलं पण तिथं पोचता येत नाही, का पोचलो पण दार बंद आहे? हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं. नव्या पेठेत एखादं दुकान शोधताना पत्ताच माहीत नसणं वेगळं, पत्ता आहे पण रस्ता खोदून ठेवलाय हे वेगळं, आणि दुकानासमोर उभं राहून शटर खाली दिसणं वेगळं, तसंच हे.

‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ आलं तर नावाचा नंबर (आयपी ॲड्रेस) झाला नाही एवढाच अर्थ, वायर कदाचित एकदम ठणठणीत असेल. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ म्हणजे ज्याला नाव विचारायचं तो डीएनएस सर्व्हरच उत्तर देत नाही. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे पाकीट (डेटाचा तुकडा) गेलं पण कुणी काही बोललंच नाही, बहुतेक फायरवॉल (नको ती कनेक्शनं अडवणारा प्रोग्रॅम) गिळतंय नाहीतर भलत्याच नेटवर्कात पाठवताय.

‘नो रूट टू होस्ट’ फसवं आहे. वाचून वाटतं राउटिंगची गडबड आहे, पण एकाच नेटवर्कातल्या मशीनसाठी ही एरर आली तर बहुतेक वेळा अर्थ असा की आपल्या मशीननं "हा नंबर कुणाचा" असं ओरडून विचारलं आणि कुणीच हात वर केला नाही, म्हणजे समोरचं मशीन बंद आहे किंवा त्याचा नंबर बदललाय. फेडोराकडच्या मशीनवर फायरवॉलडी (तिथलं फायरवॉल) नकार देतं तेव्हाही हीच एरर येते, हे लक्षात ठेवा, नाहीतर दिवसभर केबल बदलत बसाल.

आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. याला मी चांगली बातमी समजायचो, कारण कुणीतरी जिवंत मशीन आहे आणि त्यानं स्वतः सांगितलंय की या पोर्टवर (सर्व्हिसच्या ठरलेल्या दारावर) माझ्याकडं काही चालू नाही. म्हणून मी त्या दिवशी सरळ गोदामात गेलो, एसएसएचची सर्व्हिस बघितली, चालू होती, रिस्टार्ट केली, फायरवॉल बघितलं, परत ऑफिसात, परत नकार. ज्या मशीननं नकार दिला ते आपलंच मशीन आहे का, हा प्रश्न मला सुचलाच नाही.

नाव बाजूला ठेवा, नंबरनं बघा

पहिली कमांड ‘आयपी लिंक’. आपल्या नेटवर्क कार्डाच्या ओळीत ‘लोअर अप’ दिसलं पाहिजे. ‘नो कॅरिअर’ दिसलं तर पुढचं काहीच करू नका, केबल किंवा स्विच बघा. आमच्याकडं स्विच लूमच्या शेडमध्ये भिंतीला लावलेला होता, तिथं कापसाचे तंतू उडत असतात, पोर्टात पांढरा थर बसतो आणि केबलची क्लिप वर वर बसल्यासारखी वाटते पण आत टेकत नाही. टॉर्च मारून बघितल्याशिवाय ते दिसत पण नाही. ब्लोअर मारला आणि स्विच बंद कपाटात हलवला तेव्हापासून बरं आहे. लाइट जाऊन आल्यावरच जर नेटवर्क जात असेल तर स्विचला यूपीएस आहे का तेही बघा, सगळ्या मशीनला यूपीएस आणि स्विच थेट बोर्डात, हे मी कितीतरी दुकानांत बघितलंय.

दुसरी ‘आयपी ॲड्रेस’. इथं आपला नंबर दिसतो. १९२.१६८ नं सुरू होणारा, १० नं सुरू होणारा किंवा १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा असेल तर तो खासगी नेटवर्कचा, ठीक आहे. पण १६९.२५४ नं सुरू होत असेल तर मशीनला डीएचसीपीकडनं (राउटरमधली नंबर वाटणारी सोय) नंबर मिळालाच नाही आणि त्यानं स्वतःच एक घेतलाय. काही डिस्ट्रोत नंबरच दिसत नाही, अर्थ तोच. मग राउटर चालू आहे का बघा, आणि ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ करून कार्ड कनेक्टेड दाखवतंय का बघा, नसेल तर ‘एनएमसीएलआय डिव्हाइस कनेक्ट’ आणि पुढं कार्डाचं नाव.

तिसरी ‘आयपी रूट’. ‘डीफॉल्ट व्हाया’ नंतर जो नंबर आहे तो आपला गेटवे, म्हणजे राउटर. त्याला पिंग करा, ‘पिंग डॅश सी ४’ आणि नंबर, म्हणजे चारदा करून थांबतं. राउटर उत्तर देतोय म्हटल्यावर आपल्या बाजूचं झालं. मग समोरच्या मशीनच्या नंबरला पिंग. नंबर माहीत नसेल तर त्या मशीनसमोर जाऊन बसा आणि तिथं ‘आयपी ॲड्रेस’ करा. अंदाजानं नंबर घेऊ नका, कागदावर कुणीतरी पूर्वी लिहिलेला तर अजिबात नको.

इथं घराघरांत आणि दुकानांत सापडणारी एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच असतात. खाली फायबरवाल्याचा राउटर, वरच्या मजल्यावर वायफाय येत नाही म्हणून बाजारातनं दुसरा राउटर आणला आणि खालून आलेली वायर त्याच्या वॅनच्या (बाहेरचं इंटरनेट जिथनं आत येतं त्या) भोकात घातली. इंटरनेट दोन्हीकडं मस्त चालतं त्यामुळं कुणाला शंका येत नाही. पण खालच्या मशीनला नंबर १९२.१६८.१ चा आणि वरच्याला १९२.१६८.० चा, म्हणजे दोन वेगळी नेटवर्क झाली, खालच्या मशीनला वरचं दिसणारच नाही, आणि वरून खालचं नंबरनं दिसेल पण नावानं नाही. जुळे सोलापुरात एका ओळखीच्यांच्या घरी प्रिंटर खाली आणि लॅपटॉप वर, वर्षभर पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढउतार चालली होती त्यांची. उपाय पाच मिनिटांचा: दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो लावा, नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला पहिल्याच्या नेटवर्कातला एक रिकामा नंबर द्या आणि वायर वॅनमधनं काढून लॅनच्या (आतल्या मशीनसाठीच्या) भोकात घाला.

दोन्ही मशीन एकाच नेटवर्कात आहेत, दोघांनाही राउटर दिसतोय, पण वायफायवर एकमेकांना दिसत नाहीत असं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन चालू आहे का बघा. गेस्ट वायफायला तर ते मुद्दाम चालूच असतं.

ज्याला पिंग लागलं तो आहे तरी कोण

पिंग झाल्यावर लगेच ‘आयपी नेबर’ करा. इथं प्रत्येक नंबरसमोर त्या कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाची स्वतःची ओळख, ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) दिसतो, दोन दोन अक्षरांच्या सहा जोड्या. ‘रीचेबल’ किंवा ‘स्टेल’ असेल तर ठीक, स्टेल म्हणजे बिघाड नाही, फक्त थोड्या वेळात बोलणं झालेलं नाही. ‘फेल्ड’ किंवा ‘इनकम्प्लीट’ असेल तर त्या नंबरचं कुणी नाहीच.

आता तो मॅक ॲड्रेस समोरच्या मशीनवरच्या ‘आयपी लिंक’मधल्या मॅकशी जुळतो का बघा. त्या दिवशी हेच मी शेवटी केलं. हिशोब मशीनवर गोदामला पिंग केलं तर ते १९२.१६८.१.४० ला जात होतं, आणि गोदामात जाऊन स्क्रीनसमोर बसून बघितलं तर त्याचा नंबर १९२.१६८.१.५७. मग ४० वर कोण? मॅक लावून बघितला तर सीसीटीव्हीची पेटी! आदल्या दिवशी संध्याकाळी राउटर बदलला होता, नव्या राउटरनं सगळ्यांना नव्यानं नंबर वाटले आणि गोदामचा जुना नंबर कॅमेऱ्याच्या पेटीला गेला. ती पेटी पिंगला गपगुमान उत्तर देत होती आणि एसएसएचला नकार, कारण तिच्यात एसएसएच नाहीच.

पण हिशोब मशीनला ४० हा नंबर सांगितला कुणी? राउटर तर ५७ सांगत होता. सहा महिन्यांपूर्वी एकदा नाव लागत नव्हतं म्हणून घाईत मीच /ईटीसी/होस्ट्स फाइलमध्ये ‘१९२.१६८.१.४० गोदाम’ अशी ओळ टाकली होती. तेव्हा काम झालं, मी विसरलो, ओळ तिथंच राहिली. ती काढली आणि दहा सेकंदात शीट उघडली.

एकच नंबर दोन मशीननी घेतलाय अशी शंका असेल, म्हणजे कनेक्शन मधेच लागतं मधेच तुटतं, तर ‘आर्पिंग’ला डॅश मोठा आय आणि कार्डाचं नाव देऊन त्या नंबरला विचारा. उत्तरात दोन वेगळे मॅक दिसले की चोर सापडला.

आता नावाकडं: नाव कुणाकुणाला विचारलं जातं

नावाचा नंबर करताना मशीन एकाच ठिकाणी विचारत नाही, आणि त्याचा क्रम /ईटीसी/एनएसस्विच डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ‘होस्ट्स’ नं सुरू होणाऱ्या ओळीत लिहिलेला असतो. ‘फाइल्स’ म्हणजे होस्ट्स फाइल, ‘एमडीएनएस४ मिनिमल’ म्हणजे डॉट लोकलवाली नावं, ‘डीएनएस’ म्हणजे राउटर किंवा बाहेरचा सर्व्हर. फाइल्स बहुतेक सगळीकडं डीएनएसच्या आधी असतं, म्हणून होस्ट्स फाइलमध्ये चुकीची ओळ असली की राउटर कितीही खरं सांगू दे, त्याला कुणी विचारतच नाही. ही फाइल डीएनएसपेक्षाही जुनी आहे. अर्पानेटच्या (इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कच्या) काळात सगळ्या जगाच्या मशीनची एकच यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असायची आणि सगळे ती उतरवून घ्यायचे, पुढं १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, पण फाइल आजही प्रत्येक मशीनवर आहे.

यातनं एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. नाव तपासायला सगळे ‘एनएसलुकअप’ नाहीतर ‘डिग’ वापरतात. या कमांड सरळ डीएनएस सर्व्हरला विचारतात, स्वतः होस्ट्स फाइल बघतच नाहीत, एनएसस्विचची ओळही बघत नाहीत (मशीनवर सिस्टमडी रिझॉल्व्हडी, म्हणजे खाली सांगितलेला मधला माणूस, असेल तर तो मात्र होस्ट्स फाइल बघून त्यांना उत्तर देऊ शकतो, मग डिगला @ लावून राउटरचा नंबर द्या). एसएसएच, ब्राउझर, पिंग मात्र सगळा क्रम पाळतात. म्हणून एनएसलुकअप ५७ म्हणतं आणि पिंग ४० ला जातं, माणूस चक्रावतो. खरं काय ते बघायला ‘गेटएंट होस्ट्स गोदाम’ करा, ते एसएसएचला जे उत्तर मिळणार तेच देतं. आधी गेटएंट, मग डिग, आणि दोघांचं उत्तर वेगळं आलं की डोळे झाकून होस्ट्स फाइल उघडा. मॅकवर गेटएंट नाही, तिथं ‘डीएसकॅशयूटिल डॅश क्यू होस्ट डॅश ए नेम गोदाम’ हे काम करतं.

गेटएंट काहीच छापत नसेल तर नाव कुठल्या प्रकारचं आहे ते बघा.

नुसतं ‘गोदाम’ असेल तर ते राउटरला माहीत असायला हवं. बरेच राउटर डीएचसीपी देताना मशीननं सांगितलेलं नाव लक्षात ठेवतात आणि विचारलं की सांगतात, पण सगळे नाही. आणि तुम्ही मशीनमध्ये हातानं डीएनएस ८.८.८.८ घातला असेल तर राउटरला कुणी विचारणारच नाही, गूगलच्या सर्व्हरला तुमच्या गोदामाचा काय पत्ता असणार. सध्या कुठला डीएनएस चालू आहे ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ दाखवतं. /ईटीसी/रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइल पण बघा (इंग्रजीत रिझॉल्व्हच्या शेवटचा ई त्यात नाही, खूप जण तिथं चुकतात), तिच्यात १२७.०.०.५३ दिसला तर घाबरू नका, तो सिस्टमडी रिझॉल्व्हडी आहे, मशीनमध्येच बसलेला मधला माणूस. त्या फाइलमध्ये हातानं काही लिहू नका, नेटवर्क परत जोडलं की ते पुसलं जातं, सेटिंग नेटवर्क मॅनेजरमध्येच करा.

‘गोदाम डॉट लोकल’ असेल तर गोष्ट वेगळी. इथं सर्व्हर नसतोच, मशीन सगळ्या नेटवर्काला विचारतं आणि ज्याचं नाव तो उत्तर देतो, ॲपलवाले याला बाँजूर म्हणतात, लिनक्सवर अवाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: दोन्ही मशीनवर अवाही डेमन (मागं चालू राहणारा प्रोग्रॅम) चालू हवा, आपल्या मशीनवर एनएसएस एमडीएनएसचं पॅकेज हवं, आणि दोन्हीकडं फायरवॉलमध्ये यूडीपीचा ५३५३ पोर्ट उघडा हवा. ‘अवाही रिझॉल्व्ह डॅश एन गोदाम डॉट लोकल’ करून बघा, अवाही आणि रिझॉल्व्हच्या मधे डॅश आहे. ते नंबर देतंय पण गेटएंट देत नाही, तर अवाही बरोबर आहे, एनएसस्विचच्या ओळीत एमडीएनएस नाही. दोघंही गप्प, तर ‘टीसीपीडंप डॅश एन पोर्ट ५३५३’ लावून दुसऱ्या खिडकीतनं परत विचारा, प्रश्न जाताना दिसतो आणि उत्तर येत नाही हे डोळ्यानं दिसलं की समोरच्या मशीनचं फायरवॉल बघायचं. एमडीएनएस फक्त आपल्या नेटवर्कापुरतं असतं, दुसऱ्या राउटरच्या पलीकडं जात नाही, वर जिन्याची गोष्ट सांगितली ती आठवा.

मशीनचं स्वतःचं नाव

नाव बदलायला ‘होस्टनेमसीटीएल सेट डॅश होस्टनेम’ आणि नवं नाव. बदलल्यावर सुडो केलं की ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ असं कुरकुरायला लागतं, लोक घाबरतात. कारण एवढंच की /ईटीसी/होस्टनेम मध्ये नवं नाव गेलं पण होस्ट्स फाइलमध्ये जुनंच राहिलं. डेबियन, उबुंटूत तिथं १२७.०.१.१ ची एक ओळ असते, तिच्यात नवं नाव लिहा. १२७.०.०.१ लोकलहोस्ट ही वरची ओळ मात्र हलवू नका.

नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि डॅश एवढंच, अंडरस्कोअर नाही, स्पेस नाही, सुरुवातीला आणि शेवटी डॅश नाही, लांबी ६३ अक्षरांच्या आत. अंडरस्कोअरवालं नाव कधी चालतं कधी चालत नाही, आणि असला बिघाड शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

एका मशीनची डिस्क कॉपी करून दुसरं बनवलं असेल तर दोघांचं नाव एकच राहतं. मग अवाही दुसऱ्याला स्वतःच ‘गोदाम-२ डॉट लोकल’ करून टाकतं, आणि कुठलं आधी चालू झालं त्यावर कोण गोदाम आणि कोण गोदाम-२ ते ठरतं, रोज सकाळी वेगळं. कॉपी केल्या केल्या नाव बदला, आणि /ईटीसी/मशीन-आयडी पण नवा करून घ्या, कारण काही सेटअपमध्ये डीएचसीपीला ओळख म्हणून तोच जातो आणि दोन मशीनला एकच नंबर मिळतो. उबुंटू सर्व्हरवर रीस्टार्ट झालं की जुनं नाव परत येत असेल तर ते क्लाउड-इनिट (सुरू होताना मशीनची सेटिंग लावणारा प्रोग्रॅम) करतंय, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘प्रिझर्व्ह होस्टनेम’ ट्रू करा.

मॅकला तर तीन नावं असतात, कॉम्प्युटरनेम, होस्टनेम आणि लोकलहोस्टनेम, डॉट लोकलला लागतं ते तिसरं, ‘एससीयूटिल डॅश डॅश गेट लोकलहोस्टनेम’ नं कळतं (यात एल, एच आणि एन मोठे). फ्रीबीएसडीत /ईटीसी/आरसी डॉट कॉन्फ मधली होस्टनेमची ओळ बदला, आणि तिथं आयपी कमांड नाही, ‘इफकॉन्फिग’ आणि ‘एआरपी डॅश ए’ वापरा.

परत होऊ नये म्हणून

होस्ट्स फाइलमध्ये ओळी टाकत बसू नका. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथं मशीनचा मॅक आणि हवा तो नंबर जोडून ठेवा, मग त्याला कायम तोच नंबर मिळतो. आम्ही प्रत्येक कॅबिनेटवर नाव आणि मॅक लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय, नंबर मुद्दाम लिहिलेला नाही. राउटर बदलला की ही यादी नव्या राउटरमध्ये परत भरावी लागते, बदलायला येणारा माणूस ते करत नाही, म्हणून यादी मालकांच्या टेबलाच्या खणात पण आहे. वायफायवरच्या मशीनला रिझर्व्हेशन करायचं असेल तर आधी रँडम मॅक (कार्डाच्या खऱ्या मॅकऐवजी वापरला जाणारा बदलता मॅक) बंद करा. होस्ट्समध्ये टाकायलाच लागलं तर ओळीच्या वर हॅश टाकून तारीख आणि कारण लिहा.

नाव बरोबर लागायला लागलं तरी एकदोनदा जुनंच उत्तर येऊ शकतं, ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’ करा. मॅकवर ‘डीएसकॅशयूटिल डॅश फ्लशकॅश’ आणि ‘किलऑल डॅश हप एमडीएनएसरिस्पॉन्डर’, दुसऱ्यात हप, आणि एम सोडून डीएनएस आणि रिस्पॉन्डरचा आर मोठा.

नंबर बदलल्यावर एसएसएच कधी कधी मोठ्ठा इशारा देतं की समोरच्या मशीनची ओळख बदललीय. घाईत जुन्या ओळखींची अख्खी फाइल (नोन होस्ट्स) उडवू नका. आधी वरच्यासारखा मॅक जुळवा, ते आपलंच मशीन आहे याची खात्री करा, मग ‘एसएसएच-कीजेन डॅश मोठा आर’ आणि त्या मशीनचं नाव देऊन फक्त तेवढीच जुनी नोंद काढा आणि परत लॉगिन करा.